दातांवरचा थर आणि लवंगेचं तेल



सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवून पाहा.
बुळबुळीत लागतं ना?
तो थर म्हणजे जिवाणूंची वस्ती.
शास्त्रज्ञ त्याला बायोफिल्म म्हणतात.

हे जिवाणू स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात.
त्यातून औषध सहज आत शिरत नाही.
सुटा जिवाणू लवकर मरतो…
वस्तीतला मात्र चिवट!

दाढ ठणकली की आजी लवंग धरायला सांगायची.
ते उगाच नव्हे.
लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं.
ते ठणका तर कमी करतंच, शिवाय जिवाणूच्या पेशीचा पडदाही बिघडवतं.
आतला ऐवज बाहेर झिरपतो… आणि जिवाणू मरतो.
ओव्याच्या तेलातलं थायमॉलही असंच काम करतं.
काही माउथवॉशमध्ये ते असतं.

प्रयोगशाळेत या तेलांनी नवा थर जमणं रोखलेलं दिसलं आहे.
पण जमलेला थर तेलानं हटवणं कठीण.
आणि काचेच्या बशीतलं यश तोंडात मिळेलच, असं नाही.

शुद्ध तेल हिरडीला लागलं, तर पोळतं.
लहान मुलाच्या पोटात गेलं, तर यकृताला इजा होऊ शकते.
बाटली मुलांपासून दूर ठेवा.

पुन्हा सांगते…
जमलेला थर घासूनच निघतो.
तेलानं ठणका थांबला, तरी कीड तिथंच असते.
दंतवैद्याला दाखवाच.