थडगी नसलेल्यांची वंशावळ
(आयसेलिन येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय कळल्यावर दोघातिघांनी फोन केला. "अहो, थडगी बघून वंशावळ काढायची म्हणता, पण आपल्यात थडगी असतात कुठे?" प्रश्न रास्त आहे. ऑफिसातले आयरिश, इटालियन घरांतले लोक शनिवारी कॅमेरा घेऊन दफनभूमीत जातात, पणजोबांच्या दगडावरची सालं टिपतात, फोटो 'फाइंड अ ग्रेव्ह'वर चढवतात. कोकणातल्या बेने इस्राएल मंडळींच्या कबरींवर हिब्रूबरोबर मराठीही वाचायला मिळते. बाकी आपण बहुतेक जण जाळतो आणि राख पाण्यात सोडतो. तरी आपल्यातल्या एका बाईचा दगड इथून साधारण दोन तासांच्या ड्राइव्हवर आहे. सुरुवात तिथून करू.

डॉ. आनंदीबाई जोशी १८८३च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या आणि आधी राहिल्या त्या रोझेलला, थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी. रोझेल म्हणजे ओक ट्री रोडपासून अर्ध्या तासाच्या आत. इथे भाजी घ्यायला येणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे! मार्च १८८६मध्ये फिलाडेल्फियाला त्या एम.डी. झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात वारल्या. बावीस वर्षंही पुरी नव्हती. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली, आणि त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पुकिप्सी रूरल सेमेटरीत, आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवली. तिथे दगड आहे.

आता हा दगड संशोधकाच्या डोळ्यांनी वाचून बघा. आनंदीबाईंबद्दल काही माहीत नसलेला माणूस १८८७ साल बघून न्यूयॉर्कच्या मृत्यूनोंदी धुंडाळत बसेल आणि त्याला काहीही सापडणार नाही. दगड जिथे आहे तिथेच माणूस मेला किंवा पुरला गेला, असं धरून चालायचं नसतं. दुसरं, आडनावाच्या स्पेलिंगच्या शेवटी आपण आज लिहितो तो 'आय' नाही, दोन 'ई' आहेत. कॉम्प्युटरवर शोधताना दोन्ही घालून बघावं लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेजार. इथल्या दफनभूमीच्या ऑफिसात प्रत्येक लॉटची नोंद असते: मालक कोण, आत कोण कोण, केव्हा ठेवले. दगडापेक्षा हे रजिस्टर बोलकं असतं. कार्पेंटरांच्या लॉटमध्ये एक जोशी का, एवढा प्रश्न पडला की धागा हाती लागतो. आनंदीबाई पत्रांतून कार्पेंटरबाईंना मावशी म्हणायच्या. मावशीने भाचीला आपल्यात जागा दिली.

दगडावर त्यांची पदवी आहे, सालं आहेत, आणि शिक्षणासाठी परदेशी आलेली पहिली ब्राह्मण स्त्री असा उल्लेख आहे. जात अमेरिकेतही दगडावर चढली! आपल्यासारख्यांना ते खुपतं, पण पुरावा म्हणून मी त्या शब्दाला हात लावणार नाही. त्या काळी त्यांच्याकडे कसं पाहिलं जात होतं, ते त्यातून कळतं. दगडावर नाही ते 'यमुना'. माहेरचं नाव. आईवडीलही नाहीत. एवढ्या प्रसिद्ध बाईची ही गत, तर आपल्या पणज्यांचं काय?

आपल्या घरांत नावं टिकली ती दगडावर नव्हे, तोंडी. श्राद्धाला बाप, आजा, पणजा अशा तीन पिढ्यांची नावं घ्यायची पद्धत होती. या सभागृहातल्या बहुतेकांनी श्राद्ध सोडलं आहे. मीही सोडलं आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण श्राद्धाबरोबर दरवर्षीची ती उजळणीही गेली, आणि तिच्या जागी आपण काही आणलं नाही.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेलात तर आडनाव आणि मूळ गाव सांगा, कदाचित पाच-सात पिढ्या निघतील. हरिद्वारच्या बह्यांचे मायक्रोफिल्म तर युटाच्या जिनिऑलॉजिकल सोसायटीने काढले आहेत. मात्र या वह्या यात्रेकरूंच्या. ज्या नाशकात १९३०मध्ये काळाराम मंदिराच्या दाराशी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, तिथल्या वह्यांत सगळ्या घरांची नावं सापडतील अशी अपेक्षा कुणी धरू नये.

त्यापेक्षा मला गावचं दप्तर जवळचं वाटतं. गाव नमुना १४, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. जुन्या नोंदी पुष्कळदा मोडीत असतात, जात लिहिलेली असते. म्हणूनच जातीच्या दाखल्यासाठी ही पानं पुरावा म्हणून चालतात, आणि २०२३मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा अशी दप्तरं धुंडाळली गेली. गरिबाच्या घरचा मृत्यूही तिथे लिहिला जाई. मोडी वाचणारा माणूस गाठा आणि पुढच्या सुट्टीत तहसील कचेरीत एक दिवस काढा. लग्नांच्या हॉलवर घालवलेल्या दिवसापेक्षा तो नक्की सत्कारणी लागेल.

आता इथलं. आपली पिढी इथे म्हातारी झाली आहे आणि आपल्या मृत्यूच्या नोंदी न्यू जर्सीत होणार आहेत. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा फ्युनरल होममधल्या माणसाने फॉर्म भरताना विचारलं, "यांच्या आईचं पहिल्या लग्नापूर्वीचं नाव?" आम्ही पाच शिकलेली माणसं समोर बसलो होतो. कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी सांगलीला फोन लावला, तिथे मध्यरात्र उलटून गेली होती. सासूबाईंच्या धाकट्या बहिणीने विचारलं, "कुठलं सांगू? आईचं माहेरचं नावच वेगळं होतं." आडनावाबरोबर पहिलं नावही बदलतं, हे त्या फॉर्म करणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसणार. आम्ही माहेरचं पूर्ण नाव घातलं. त्या बाईंचं ते नाव कागदावर आलेलं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

तेव्हा फॉर्ममध्ये काय असतं ते आत्ताच बघून ठेवा: जन्मस्थळ, वडील, आई, व्यवसाय, माहिती देणाऱ्याचं नाव आणि नातं, अंत्यविधीचा प्रकार आणि जागा. जन्मस्थळ म्हणून नुसतं 'इंडिया' लिहून मोकळे होऊ नका; शंभर वर्षांनी आपली खापरपणती त्यावरून कुठे शोधणार? गाव आणि जिल्हा निदान वर्तमानपत्रातल्या ऑबिच्युअरीत तरी येऊ द्या. आयुष्यभर घर चालवलेल्या बाईच्या व्यवसायाचा रकानाही विचार करून भरा. राख अटलांटिकमध्ये सोडणार असाल, तर केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे किनाऱ्यापासून निदान तीन सागरी मैल आत जावं लागतं आणि तीस दिवसांच्या आत ईपीएला कळवावं लागतं. त्या कळवण्याची एक प्रत घरच्या फाइलीत ठेवा. ज्यांना दगड हवा असेल त्यांनी खुशाल बसवावा. अनेक दफनभूमींत अस्थिकलशालाही जागा मिळते. त्यावर बाईचं माहेरचं नाव घालायला काही अक्षरांचे पैसे जास्त पडतील, तेवढे द्यावेत.

बाहेरच्या टेबलावर मी कोरे फॉर्म ठेवले आहेत. ज्यांचे आईवडील आज इथे किंवा फोनवर बोलते आहेत, त्यांनी एकेक घेऊन जा आणि आजच्या रविवारच्या फोनवर आधी आजीचं माहेरचं नाव विचारा.