२१ जूनची संध्याकाळ

२१ जून जवळ आला की विद्यापीठांतून योग दिनाची लगबग सुरू होते. परिपत्रक निघते, मैदानावर सतरंज्या पडतात, छायाचित्रे निघतात. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ मध्ये हा दिवस ठरवला, २०१५ पासून तो जगभर साजरा होतो. पण याच तारखेला जागतिक संगीत दिनही असतो, हे किती जणांना ठाऊक असते? १९८२ साली फ्रान्समध्ये तो सुरू झाला. कल्पना साधी. हौशी माणसांनीही रस्त्यावर येऊन गावे-वाजवावे, आणि ऐकणाऱ्याला तिकीट नसावे.

तसे पाहिले तर दोन्हीकडे कसोटी लागते ती श्वासाचीच. पहाटे खर्ज लावणारी विद्यार्थिनी दम पुरेल तोवर एकच स्वर धरून ठेवते, तेव्हा ती प्राणायामापासून फार लांब नसते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र स्थापन झाले. तिथे संगीत, नृत्य, नाट्य गुरुकुल पद्धतीने शिकवतात. अशा विभागांतली मुले वर्षभर मेहनत करतात, आणि कार्यक्रमाला समोर असतात बहुधा वर्गमित्र अन् चार पालक! गाणे गुरूकडून मिळते, पण ते मांडायला अनोळखी श्रोता लागतो. आलाप कुठे लांबला, हे त्याची चुळबुळ बरोबर सांगते.

तेव्हा सकाळी आसने जरूर करा. संध्याकाळी मात्र जवळच्या विद्यापीठात, महाविद्यालयात काही गाणे-बजावणे आहे का, याची चौकशी करा. असेल तर नातवंडांनाही न्या. आणि भैरवी होईपर्यंत उठू नका.