माळवदाचं साणं

लातूर, धाराशिव, सोलापूरकडच्या जुन्या घराच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर चढलात, तर पाय जपून टाका, असं कुणीतरी खालून ओरडतंच. कारण मधेच एक भोक असतं, वीतभर ते हातभर रुंदीचं. हे साणं. काही गावांत त्याला सवणं म्हणतात. खाली माजघर नाहीतर चूल. धूर इथून वर जायचा, उजेड इथून खाली यायचा. आभाळ भरून आलं की घरातलं एखादं पोर वर पळायचं आणि त्यावर पत्रा टाकून दगड ठेवून यायचं.

भिंती दगडमातीच्या, दोन-अडीच हात जाड. रस्त्याच्या बाजूला खिडकी बहुधा नाहीच. चोर-दरोडेखोरांचं भय होतं, आणि उन्हाचंही. मग एवढ्याशा भोकातून घराला उजेड पुरायचा कसा?

हिशेब करून बघण्यासारखा आहे. मे महिन्यातलं भर दुपारचं ऊन एका चौरस फुटातून आत आलं, तर त्याचा उजेड चार-पाच एलईडी ट्यूबलाइटइतका भरतो. त्याच्याबरोबर येणारी उष्णता मात्र जुन्या पिवळ्या शंभराच्या बल्बपेक्षाही थोडी कमी. आता पश्चिमेला चार बाय पाच फुटांची काचेची खिडकी घ्या. उतरतं ऊन तिच्यातून हजार वॅटच्या आसपास उष्णता आत टाकतं. दुपारी चारपासून खोलीत इस्त्री चालू ठेवल्यासारखंच हे. मग आपण जाड पडदा ओढतो आणि पडदा ओढला म्हणून दिवसाउजेडी दिवा लावतो! खिडकीचे पैसे, पडद्याचे पैसे, वर विजेचं बिल.

साण्याखाली कवडसा जमिनीवर पडायचा, तिथून पांढऱ्या मातीने सारवलेल्या भिंतींवर फाकायचा आणि घरभर मंद होऊन पसरायचा. बायका त्याच्या सरकण्यावरून वेळ ओळखायच्या. आमच्याकडच्या उन्हाला असंच, थोडं आणि उसनं, घरात घ्यावं लागतं. वाड्यांच्या चौकातही हेच चालायचं. ऊन चौकात, माणसं ओसरीवर, आणि ओसरीवर पोचायचा तो फरशीवरून उठलेला उजेड.

पण या घरांचं नुसतं कौतुक करणाऱ्यांनी त्यांतल्या कोपऱ्यांत थोडं बसून बघावं. बाळंतिणीची खोली काळोखी असे. साणं असूनही धूर सगळा जात नसे, आणि तो कुणाच्या डोळ्यांत जायचा हे सांगायला नको. शिवाय माळवदाचं वजन. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर पांढऱ्या मातीचा नवा थर घालायचा. पिढ्यान्‌पिढ्या थर चढत गेले. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हीच माती आणि हेच दगड झोपलेल्या माणसांवर आले. हजारो माणसं गेली. त्यानंतर माळवदाखाली निजायला लोक भ्यायले, आणि नव्या गावठाणांत स्लॅबची घरं आली. ते योग्यच झालं. पण मातीबरोबर साणंही गेलं, आणि उघडा स्लॅब दिवसभर तापून रात्री खोलीतच ऊब सोडू लागला.

माती परत आणायचं कारण नाही; साणं आणता येतं. स्लॅब ओतण्याआधी गवंड्याला सांगितलं, तर जिन्यावर किंवा स्वयंपाकघरावर फूटभराची जागा सोडता येते. तिच्या कडा वीतभर उचलून घ्याव्यात, वर काच आणि बाजूला हवेला फट. स्लॅबला वरून पांढरा चुना मारावा.

छज्ज्याचंही तसंच. सगळ्या खिडक्यांना एकाच मापाचा छज्जा काढायची आपली रीत बिनकामाची आहे. लातूरला 13-14 मेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि पुढे जुलैअखेरपर्यंत दुपारी उत्तरेकडे झुकलेला असतो. म्हणून उत्तरेच्या खिडकीला बेताचा छज्जा पुरतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला इतका खाली असतो की ऊन दक्षिणेच्या छज्ज्याखालून आत येतं, आणि थंडीत ते हवंच असतं. पश्चिमेचं ऊन मात्र आडवं, थेट येतं. तिथे दोन फुटांचा छज्जा काढा की चार फुटांचा, उपयोग नाही. तिथे जाळी हवी, उभा आडोसा हवा, नाहीतर भिंतीपासून अंतर राखून लावलेला कडुनिंब.

तेव्हा घर बांधायला काढलं असेल, तर नकाशावर सही करण्याआधी पश्चिम कुठे आहे ते विचारा आणि तिकडची मोठी काच रद्द करायला लावा.