‘ओइदा’ची रूपे आणि अर्थ

प्राचीन ग्रीक शिकू लागलेल्याला ‘ओइदा’ हे क्रियापद हमखास अडवते. अर्थ ‘मला ठाऊक आहे’ असा सरळ वर्तमानाचा. रूप मात्र पूर्णकाळाचे. शालेय व्याकरणे ‘अनियमित’ असा शिक्का मारून मोकळी होतात. मला तो शिक्का मान्य नाही. जुना नियम इथेच शाबूत राहिला आहे. संस्कृतची रूपे शेजारी ठेवून पाहा. तिकडे ‘ओइदा, ओइस्था, ओइदे’, इकडे ‘वेद, वेत्थ, वेद’. बहुवचनात होमरचे ‘इद्मेन’, आपले ‘विद्म’; स्वर दोन्हीकडे सारखाच आखडतो. पूर्णकाळात एरवी होणारे धातूचे द्वित्वही दोन्हीकडे नाही. ग्रीक रूपात ‘व’ कुठे आहे, असे कोणी विचारील. तो उच्चारातून गळाला, पण होमरच्या वृत्तात त्याची जागा राहिली. इंग्रज पंडित रिचर्ड बेंटली यांनी ते अठराव्या शतकातच हेरले. शब्द उसना घेता येतो, स्वरबदलाची अशी घडी कोणी उसनी घेत नाही. आणि ‘वेद’ अर्थाने वर्तमानाचे, पण प्रत्ययांनी ‘लिट्’चे, म्हणजे पूर्णकाळाचे, याची दखल पाणिनीनेही घेतली आहे.

मग अर्थाचे कोडे उरत नाही. याच धातूचे ‘एइदोन’ म्हणजे ‘मी पाहिले’. लॅटिनचे ‘विदेओ’ म्हणजे ‘मी पाहतो’. पाहणे होऊन गेले, त्यातून आलेली अवस्था आज आहे, ती ‘ओइदा’. आपण ‘कळलं?’ असे भूतकाळात विचारतो आणि चौकशी आताच्या समजेची करतो, तसेच हे. ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गात, जहाजांची यादी सुरू करण्यापूर्वी, कवी काव्यदेवतांना म्हणतो की तुम्ही तिथे हजर असता म्हणून सारे जाणता, आमच्या वाट्याला नुसती ऐकीव कीर्ती. जाणण्यासाठी तिथे हेच क्रियापद आहे. यावर आक्षेप असा की ‘ओडिसी’तला एकडोळ्या राक्षस अधर्म ‘जाणतो’, त्यात पाहण्याचा काय संबंध? संबंध नाहीच, तिथे अर्थ स्वभावापर्यंत पसरला आहे. पण पसरलेला अर्थ मूळ घडण खोटी ठरवत नाही. माझा दावा त्या घडणीपुरता आहे, प्रत्येक वापरात डोळे शोधण्याचा नाही.

पुढे नव्या कराराच्या ग्रीकमध्ये एकवचनाचा स्वर बहुवचनातही शिरला आणि ‘ओइदामेन’ रूढ झाले. आजचे ग्रीक ‘जाणतो’साठी ‘क्सेरो’ म्हणतात. तेही ‘शोधून काढले’ अशा अर्थाच्या भूतकाळी रूपातूनच आले आहे.