स्तनाचा कर्करोग : वेळीच तपासणीचे मोल



कल्याणचे नाव निघाले की डॉ. आनंदीबाई जोशी यांचे स्मरण होते. याच गावच्या जोशी घराण्यातील ही कन्या १८८३ साली अमेरिकेस गेली आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडली. प्रस्थानापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी आपल्या जाण्याचे कारण सांगितले होते. येथील स्त्रिया आपले आजार पुरुष डॉक्टरांपुढे मोकळेपणाने मांडत नाहीत, म्हणून या देशाला स्त्री-डॉक्टर हव्यात, असा त्याचा आशय होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बाविशी पूर्ण होण्यापूर्वीच, क्षयाने त्यांचे निधन झाले.

आज स्त्री-डॉक्टर शहरांतून व तालुक्यांतून सेवा देत आहेत. तथापि आनंदीबाईंनी ओळखलेला तो संकोच पुरता गेलेला नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत तर तो आजही अनेक स्त्रियांच्या जिवावर बेततो. गाठ हाताला लागते, पण ती कोणाला सांगितली जात नाही. मुलांच्या परीक्षा, घरातील लग्नकार्य, भातलावणी अशी एकेक सबब पुढे येते आणि महिने निघून जातात.

आजाराचे स्वरूप

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच होय.

हा रोग बहुधा दूध वाहून नेणाऱ्या नलिकांच्या पेशींत सुरू होतो. प्रथम लहानशी गाठ होते. पुढे रोगाच्या पेशी काखेतील ग्रंथींत शिरतात आणि अखेरीस हाडे, फुप्फुसे, यकृत वा मेंदू यांपर्यंत पोहोचतात. आरंभीची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही आणि येथेच फसगत होते. जे दुखत नाही ते गंभीर नसावे, असा सर्वसामान्यांचा समज असतो. या रोगात मात्र दुखण्याची वाट पाहणे म्हणजे रोगाला पसरण्यास सवड देणे होय.

वेळेचे मोल आकड्यांतही दिसते. देशातील ११ कर्करोग नोंदणी केंद्रांनी २०१२ ते २०१५ या काळात निदान झालेल्या रुग्णांचा पाठपुरावा केला. रोग स्तनापुरताच मर्यादित असताना ज्यांचे निदान झाले, त्यांपैकी सुमारे ८१ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात होते. रोग शरीरात दूरवर पसरल्यानंतर आलेल्या रुग्णांत हे प्रमाण सुमारे १८ टक्के इतकेच होते. शिवाय रोग लवकर सापडल्यास पुष्कळदा संपूर्ण स्तन काढावा लागत नाही. केवळ गाठ काढून किरणोपचार देता येतात.

मुंबईचा प्रयोग

खेडोपाडी सर्व स्त्रियांची मॅमोग्राफी करणे खर्चाच्या व मनुष्यबळाच्या दृष्टीने कठीण आहे. मग साध्या हातांनी केलेल्या तपासणीचा कितपत उपयोग होतो? या प्रश्नाचे उत्तर मुंबईतच शोधण्यात आले. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून एक दीर्घ अभ्यास सुरू केला. त्यात ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा समावेश होता. निम्म्या वस्त्यांतील स्त्रियांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, स्तनतपासणी करण्यात आली. ही तपासणी डॉक्टरांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या स्त्री आरोग्यसेविकांनी केली. उरलेल्या वस्त्यांत केवळ माहिती देण्यात आली. त्यानंतर दोन्ही गटांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवण्यात आले.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष उद्बोधक आहेत. तपासणी झालेल्या वस्त्यांत रोग वाढलेल्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण ३७ टक्के, तर इतर वस्त्यांत ते ४७ टक्के होते. पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यूंमध्ये तशी ठोस घट दिसली नाही, हेही नमूद केले पाहिजे. तपासणी म्हणजे जादू नव्हे. परंतु आरोग्यसेविकेचे प्रशिक्षित हात स्त्रियांचे प्राण वाचवू शकतात, हे आपल्याच राज्यातील या अभ्यासाने दाखवून दिले.

स्वतः स्वतःची तपासणी करण्याचे महत्त्वही योग्य मर्यादेतच समजून घ्यावे. चीनमधील शांघाय येथे गिरणी कामगार स्त्रियांना अशी तपासणी शिकविण्यात आली, पण केवळ तेवढ्याने मृत्यू कमी झाले नाहीत. आपल्या शरीराची ओळख असणे आणि त्यातील बदल वेळीच लक्षात येणे इष्टच आहे. तथापि ती आरोग्यसेविकेच्या वा डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

कोणत्या खुणा ओळखाव्यात

स्तनात अथवा काखेत नवी गाठ, त्वचेवर पडलेली खळी, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, यांपैकी काहीही आढळल्यास तपासणीस विलंब करू नये. आई वा बहीण यांना हा आजार झालेला असल्यास अधिक दक्षता घ्यावी. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात. मात्र ती निरुपद्रवी आहे, हा निर्णय शेजारणीने वा वैदूने नव्हे, तर डॉक्टरांनीच द्यावयाचा असतो. गाठीला सुई लावली की रोग पसरतो, हा समजही निराधार आहे. सुईने काढलेल्या नमुन्याच्या तपासणीवाचून निदान पक्के होत नाही.

सोय आहे, ती घरापर्यंत पोहोचावी

राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ३० वर्षांवरील स्त्रियांसाठी तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी ठरविण्यात आली आहे. आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन माहितीचा अर्ज भरते आणि पुढील तपासणी आरोग्य केंद्रात होते. कल्याण शहरात महापालिकेचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीत शास्त्रीनगर रुग्णालय, तर तालुक्याच्या ग्रामीण भागासाठी गोवेलीचे ग्रामीण रुग्णालय आहे. उपचारांच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. कल्याणला रेल्वे १८५४ मध्ये आली. टाटा रुग्णालयाचे परळ त्याच लोहमार्गावर आहे. रुळांचे हे अंतर फार नाही. खरे अंतर आहे ते घराच्या उंबरठ्यापासून आरोग्यसेविकेपर्यंतचे.

ते कमी करणे पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्या हाती आहे. ग्रामसभेपूर्वी होणाऱ्या महिला सभेत हा विषय उघडपणे मांडता येईल. शिक्षिकांना माता-पालकांच्या बैठकीत तो सांगता येईल. पहाटेची लोकल गाठणाऱ्या नोकरदार स्त्रियांसाठी तपासणीचा दिवस रविवारी ठेवता येईल. तपासणीच्या ठिकाणी आडोसा आणि स्त्री कर्मचारी असतील, एवढी दक्षता घेतली तरी निम्मा संकोच दूर होतो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाठपुरावा. शिबिरात गाठ सापडली, चिठ्ठी दिली गेली आणि ती स्त्री पुढे गेलीच नाही, तर सारी तपासणी व्यर्थ ठरते. म्हणून किती स्त्रिया तपासल्या याबरोबरच, पुढे पाठविलेल्यांपैकी किती जणी मोठ्या रुग्णालयात पोहोचल्या, हाही प्रश्न प्रत्येक बैठकीत विचारला जावा. ज्या स्त्रीला सोबत नाही तिला सोबत आणि जिला कागदपत्रांची माहिती नाही तिला ती मिळावी. घरातील पुरुषांनीही तिच्या आजाराला घरकामाच्या खालचे स्थान देऊ नये.

स्त्रीला आपले दुखणे निःसंकोचपणे सांगता यावे, यासाठी कल्याणच्या एका मुलीने सातासमुद्रापलीकडचा प्रवास केला. आजच्या स्त्रीला जवळच्या आरोग्य केंद्रापर्यंतच जावयाचे आहे. तेवढ्या वाटेवर तिला एकटे न सोडणे, हेच आनंदीबाईंचे खरे स्मरण ठरेल.