मातीच्या शर्यतीतील स्वार आणि त्याचा प्रायोजक

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व युवक यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोल्हापूरचे खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली, कुस्त्यांसाठी खुले झाले. बडोद्यास गायकवाडांच्या पदरी मल्ल असत. त्या व्यवस्थेत मल्लाने मेहनत करावी, आखाड्यात उतरावे आणि त्याच्या खुराकाची चिंता दरबाराने वाहावी, असा सरळ संकेत होता. राजा मल्लाकडून त्याच्या कुस्तीपलीकडे फारसे काही मागत नसे. मराठी माणसाच्या मनात खेळाडूच्या आश्रयाची जी कल्पना रुजलेली आहे, ती ही. आज मोटारसायकल घेऊन मातीच्या शर्यतीत उतरणारा खेड्यातील तरुण प्रायोजक शोधू लागतो, तेव्हा नकळत तो दरबारच शोधत असतो, आणि त्याची पहिली निराशा तेथूनच सुरू होते. प्रायोजक हा आश्रयदाता नव्हे. तो व्यापारी आहे. तो देतो आणि मोबदला मागतो. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, परंतु हा व्यवहार आधी समजून घेतला पाहिजे.

या शर्यती म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात सांगितले पाहिजे. गावाबाहेरच्या मोकळ्या पटांगणावर ट्रकांनी माती टाकून उंचवटे, उड्या व वळणे तयार केली जातात आणि त्यावर ठराविक फेऱ्या मारल्या जातात. यास सुपरक्रॉस किंवा डर्ट ट्रॅक म्हणतात. पुणे, नाशिक, बडोदा, गोवा येथील प्रेक्षकांना हा प्रकार नवा नाही. डोंगर, वाळवंट व कच्च्या वाटा यांतून शेकडो किलोमीटर चालणारी रॅली हा दुसरा प्रकार. तिसरा चारचाकी गाड्यांचा असून त्याचे उत्तम उदाहरण गोव्यातच आहे. मलेशियात १९९७ साली सुरू झालेल्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ या स्पर्धेची भारतीय आवृत्ती २०१४ पासून गोव्यात ऐन पावसाळ्यात भरू लागली. चिखल, ओढे व निसरडे चढ यांतून चालक आणि त्याचा साथीदार गाडी दोरखंडाच्या विंचने ओढत पुढे नेतात. पुण्याच्या फोर्स मोटर्स कंपनीने काही वर्षे या स्पर्धेस आपल्या ‘गुरखा’ गाडीचे नाव दिले होते. चिखलात न अडणारी गाडी विकावयाची असेल, तर चिखलाइतकी चांगली जाहिरात कोठे मिळणार? प्रायोजकत्वाचे मर्म या एका उदाहरणात सामावलेले आहे.

भारतात या खेळाचे नियमन १९७१ साली स्थापन झालेला मोटार क्रीडा मंडळांचा महासंघ करतो. त्याचा परवाना घेतल्यावाचून अधिकृत स्पर्धेत उतरता येत नाही. नवशिक्यांचे वर्ग, देशी गाड्यांचे वर्ग, परदेशी गाड्यांचे वर्ग असे भाग पाडलेले असतात. कारखान्यांच्या संघात नसलेल्या स्वारांसाठीही वेगळे वर्ग ठेवलेले आढळतात. तरुणाने आरंभ तेथून करावा. गावच्या डांबरी रस्त्यावर रात्री लावलेल्या पैजा या खेळात मोडत नाहीत. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८९ खाली तो अपराध आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच अपराधास पाच हजार रुपयांपर्यंत दंड व कारावासही होऊ शकतो. त्याहून व्यावहारिक गोष्ट अशी की, अशा पैजेचे चित्रण ज्याच्या नावाने फिरत आहे, त्याच्या अंगरख्यावर आपले नाव लावावयास कोणताही शहाणा दुकानदार तयार होणार नाही.

आता खर्चाकडे वळू. पाहणाऱ्यास वाटते की गाडी घेतली की झाले. वस्तुतः गाडीची किंमत एकदाच मोजावी लागते, तर बाकीचे खर्च प्रत्येक स्पर्धेस नव्याने उभे राहतात. प्रवेश शुल्क, टायर, तेल, साखळी, ब्रेकचे पॅड, क्लचच्या पट्ट्या, गाडी वाहून नेणाऱ्या टेंपोचे भाडे, मिस्त्रीचा भत्ता, दोन रात्रींचा मुक्काम. शिवाय हेल्मेट, मानेचा पट्टा, छातीचे कवच, गुडघ्यांचे संरक्षक आणि जाड बूट. यांपैकी शेवटच्या पाच वस्तूंत काटकसर करणे म्हणजे आपल्याच हाडांशी घासाघीस करणे होय. हा सर्व हिशेब वर्षारंभी वहीत मांडला नाही, तर तिसऱ्या स्पर्धेपर्यंत घरचे सोने गहाण पडते. त्यापुढे जमिनीचा तुकडा जातो. शेत विकून शर्यत खेळू नये, हे वडिलांनी सांगण्यापेक्षा मुलाच्या स्वतःच्या वहीने सांगितले तर ते अधिक पटते.

तर मग प्रायोजक कशावर विश्वास ठेवतो? सर्वसाधारण समज असा की, तो केवळ पहिल्या क्रमांकाकडे पाहतो. अलीकडच्या काळातील तीन भारतीय स्वारांची उदाहरणे या समजास छेद देतात.

बंगळूरचे सी. एस. संतोष मोटोक्रॉसमधून पुढे आले. २०१३ साली अबुधाबीच्या वाळवंटातील स्पर्धेत त्यांची गाडी पेटली व मानेस भाजले. तरीही २०१५ च्या जानेवारीत अर्जेंटिना, चिली व बोलिव्हिया या देशांतून गेलेली डाकार रॅली त्यांनी पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय. क्रमांक होता छत्तिसावा. आपल्याकडे छत्तिसाव्या क्रमांकाचे कौतुक करण्याची रीत नाही, परंतु या रॅलीत शेवटपर्यंत टिकणे हेच मोठे कसोटीचे काम असते, हे जाणणारे जाणतात. पुढच्याच वर्षी, २०१६ साली, हिरो कंपनीने आपला रॅली संघ उभारला आणि संतोष त्यात होते.

बंगळूरच्याच ऐश्वर्या पिस्से यांनी २०१९ साली महिलांच्या गटात बाजा विश्वचषक जिंकला. मोटार क्रीडेतील जागतिक विजेतेपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्यांचे गुणपत्रक पाहण्यासारखे आहे. दुबईत पहिल्या, पोर्तुगालमध्ये तिसऱ्या, स्पेनमध्ये पाचव्या, हंगेरीत चौथ्या. चार फेऱ्यांत केवळ एकदा प्रथम क्रमांक. तरीही एकूण ६५ गुण, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या पोर्तुगीज स्पर्धक ६१ वर. अवघ्या चार गुणांचे हे अंतर प्रत्येक ठिकाणी गाडी शेवटच्या रेषेपर्यंत आणल्यामुळे राहिले. आदल्या वर्षी, २०१८ मध्ये, स्पेनमधील शर्यतीत त्यांना गंभीर दुखापत झाली होती, आणि त्यानंतरचे हे यश आहे.

तिसरे उदाहरण केरळातील शोरनूरचे हरिथ नोआ यांचे. ते टीव्हीएसचे स्वार. २०२३ च्या डाकारमध्ये अपघातामुळे त्यांना स्पर्धा सोडावी लागली. संघाने हात आखडता घेतला नाही. २०२४ साली ते एकंदरीत अकरावे आले आणि ‘रॅली २’ या वर्गात प्रथम. वाईट वर्षातही प्रायोजक सोबत राहतो तो उपकार म्हणून नव्हे. त्या स्वाराचे आधीचे वागणे, त्याची मेहनत व त्याचा स्पष्टपणा यांची नोंद त्याच्याकडे असते.

या यशोगाथा सांगताना दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. हिरो संघाचे अनुभवी पोर्तुगीज स्वार पाउलो गोन्साल्विस यांचा जानेवारी २०२० मध्ये सौदी अरेबियातील डाकारमध्ये मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी त्याच स्पर्धेत संतोष पडले व त्यांना काही दिवस कृत्रिम बेशुद्धीत ठेवावे लागले. ही माणसे उत्तम संघांत होती, त्यांच्यामागे वैद्य आणि हेलिकॉप्टर होते. तालुक्याच्या मैदानावर काय असते, याचा विचार परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने व पटांगण देणाऱ्या ग्रामपंचायतीने अवश्य करावा. रुग्णवाहिका मैदानावर उभी नसेल तर शर्यत सुरू होऊ देऊ नये. मुलगा अठरा वर्षांखालील असेल तर पालकांची लेखी संमती शिक्षकांनी स्वतः वाचून पाहावी. सही कोणाची आहे तेही पाहावे.

प्रायोजकांच्या शोधाचा आरंभ मात्र डाकारपासून होत नाही. तो बाजारपेठेतील टायरच्या दुकानापासून होतो. नवा स्वार बहुधा थेट मोठ्या कंपनीच्या मुख्य कार्यालयास पत्र धाडतो, उत्तर येत नाही, आणि तो खट्टू होतो. वास्तविक पहिला प्रायोजक हा असा असावा की ज्याच्या दुकानावरून स्वार रोज जातो. गॅरेजवाला मिस्त्री मजुरी घेत नाही, हे प्रायोजकत्वच आहे. टायरवाला खरेदीच्या भावात टायर देतो, तेलाचा विक्रेता चार डबे देतो, टेंपोमालक फक्त डिझेलचे पैसे घेतो, हेही प्रायोजकत्वच. वस्तुरूपाने मिळणारी मदत रोख मदतीपेक्षा लवकर मिळते, कारण दुकानदारास ती परवडते. बेळगावसारख्या ठिकाणी तर ओतकाम व यंत्रभागांचे कारखाने आहेत. मोटार उद्योगास सुटे भाग पुरविणाऱ्या कारखानदारास गाड्यांच्या खेळाचे अगत्य असणे साहजिक आहे. इंदूरजवळच्या पीथमपूरविषयीही तेच म्हणता येईल.

दुकानदार प्रश्न एकच विचारतो: “बाळ, यात माझे काय?” याचे उत्तर तयार ठेवून जावे. ‘आपले नाव गाडीवर लावीन’ हे उत्तर अपुरे आहे. गाडीवरचे नाव धुळीत दिसत नाही. उलट, ‘गणेशोत्सवात तीन दिवस गाडी आपल्या दुकानासमोर उभी करीन, येणाऱ्या मुलांना टायरच्या खाचा व हवेचा दाब समजावून सांगेन, शाळेत हेल्मेटविषयी बोलेन तेव्हा आपल्या दुकानाचा उल्लेख करीन’ असे सांगणारा तरुण त्याला उमगतो. त्यात गिऱ्हाईक आहे.

पत्र एका पानाचे असावे. त्यात स्वाराचे नाव व गाव, परवाना, गेल्या वर्षी किती स्पर्धांत उतरला व किती पूर्ण केल्या, येत्या वर्षी कोणत्या स्पर्धा, एकूण खर्च किती, त्यांपैकी स्वतः किती घालणार, आणि या दुकानाकडून नेमके काय हवे, हे असावे. ‘यथाशक्ती मदत करावी’ असे लिहिले की मदत यथाशक्ती टळते. ‘मागील दोन टायर, नोव्हेंबरच्या स्पर्धेपूर्वी’ असे लिहिले की माणूस विचार करू लागतो. हरलेल्या शर्यती लपवू नयेत. जेथे गाडी बंद पडली तेथे बंद पडली असे लिहावे. दुकानदारास यंत्राची बंद पडण्याची सवय असते, खोट्याची नसते. असे पत्र लिहिण्यास मराठीच्या शिक्षकांनी मदत करावी. अर्जलेखनाचा धडा पाठ्यपुस्तकात असतोच. तो एकदा तरी खऱ्या कामास येईल.

पत्रापेक्षाही महत्त्वाचे ते नंतरचे. स्पर्धा संपल्यावर आठवड्याच्या आत निकालपत्रक, दोन छायाचित्रे आणि चार ओळींचा वृत्तांत घेऊन स्वाराने स्वतः दुकानात जावे. क्रमांक शेवटचा आला असेल तर अधिक तत्परतेने जावे. बहुसंख्य तरुण येथे चुकतात. टायर घेतात, नाव लावतात आणि पुढल्या वर्षी पुन्हा टायर मागावयास येतात. मधल्या काळात दुकानदारास शर्यतीची बातमी गिऱ्हाइकाकडून कळते. असे झाले की त्याचे दार बंद होते, आणि त्यामागून येणाऱ्या गावातील दुसऱ्या मुलासही बंद होते. एका व्यवसायातील दोन प्रतिस्पर्ध्यांची नावे एकाच गाडीवर लावणे, फुकट मिळालेली वस्तू विकणे, कराराचा कालावधी संपल्यावरही नाव मिरविणे, या गोष्टी बाजारात लपत नाहीत.

मदत थोडी असली तरी करार लेखी असावा. काय मिळणार, केव्हा मिळणार, त्याबदली काय करावयाचे, आणि स्वार जखमी झाल्यास काय, एवढे त्यात पुरे. शेवटचा मुद्दा विचारण्याचा संकोच वाटतो, पण विचारलाच पाहिजे. नेहमीच्या विम्यात शर्यतीतील अपघात वगळलेले असतात, तेव्हा विम्याचा कागद शब्दशः वाचून घ्यावा.

कारखान्याकडे जाताना एक घोटाळा टाळावा. २०१३ च्या कंपनी अधिनियमातील कलम १३५ अन्वये विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्चावे लागतात, आणि त्या कार्यांच्या अनुसूचीत ग्रामीण व मान्यताप्राप्त खेळांच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे. हे ऐकून अनेक तरुण ‘त्या निधीतून द्या’ अशी मागणी करतात. परंतु जाहिरातीच्या लाभासाठी दिलेले प्रायोजकत्व या निधीत धरता येत नाही, असे नियम सांगतात. तेव्हा गाडीवर नाव लावण्याची मागणी विक्री विभागाकडे न्यावी. गावातील मुलांना सुरक्षित वाहनचालन शिकविणारे किंवा खेळाचे प्रशिक्षण देणारे केंद्र काढावयाचे असेल तर ती गोष्ट वेगळी, आणि तिचा अर्ज नोंदणीकृत संस्थेमार्फत वेगळा करावा. दोन्ही एकाच पत्रात मिसळले की दोन्ही टेबलांवरून ते परत येते.

वेळही साधावी लागते. बहुतेक कारखान्यांचे व कंपन्यांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि जाहिरातीच्या रकमा त्यापूर्वीच्या दोन-तीन महिन्यांत ठरतात. मे महिन्यात आलेल्या चांगल्या पत्रालाही ‘पुढच्या वर्षी पाहू’ असेच उत्तर मिळते. म्हणून वही दसऱ्याला उघडावी, हिशेब दिवाळीपर्यंत पुरा करावा, आणि पत्र डिसेंबर उजाडण्यापूर्वी, शक्यतो स्वतः नेऊन द्यावे. जाताना गाडी धुऊन न्यावी.