पट्टी लाल होऊ देऊ नका

घरच्या संगणकावर आवाज रेकॉर्ड करायचाय?
ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर आहे.
2000 सालापासून ते मोफत मिळतं.

लाल गोल म्हणजे रेकॉर्ड.
हिरवा त्रिकोण म्हणजे ऐका.
चौकोन म्हणजे थांबा.
एवढं पाच मिनिटांत जमतं.

आता खरी गोष्ट.
बोलताना मीटरच्या पट्टीकडे लक्ष ठेवा.
हिरवी चालेल, पिवळी चालेल.
लाल नको.
लाल झाली, की आवाज फाटतो…
आणि फाटलेला आवाज नंतर धड शिवता येत नाही.
म्हणून आधी तुमचं सगळ्यात मोठ्या आवाजातलं वाक्य बोलून पाहा.
पट्टी लाल झाली?
मग रेकॉर्डिंगची पातळी खाली आणा.

सुरुवातीला क्षणभर गप्प राहा.
खोलीची घरघर तेवढी रेकॉर्ड होईल.
तोच तुकडा 'नॉइज रिडक्शन'ला नमुना म्हणून द्या.
घरघर कमी होते.
खरं सांगू? आधी पंखाच बंद करा!

कापताना चुकलात, तर कंट्रोल आणि झेड एकत्र दाबा.
कापलेलं परत येतं.

'सेव्ह' केलेली फाइल मात्र ऑडॅसिटीचीच राहते.
मोबाइलवर कुणाला पाठवायचंय?
मग 'एक्स्पोर्ट' करा, आणि एमपी-थ्री निवडा.

पण त्याआधी, पुन्हा सांगते…
पट्टी लाल नको!